मिश्रण की भेसळ? दक्षिण फ्रान्समधील लाल वाइनची गोष्ट

चहाच्या दोन मळ्यांची पत्ती एकत्र केली तर त्याला आपण मिश्रण म्हणतो आणि वर थोडे जास्त पैसेही मोजतो. त्याच पत्तीत वापरलेला चोथा वाळवून, रंगवून मिसळला तर ती भेसळ होते आणि दुकानदारावर खटला भरला जातो. व्यवहारात हा फरक कोणालाही कळतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मात्र तो सापडत नाही. तेथे दोन्ही मिश्रणेच. मग मिश्रण कोठे संपते आणि भेसळ कोठे सुरू होते, हे ठरवायचे कोणी आणि कशाच्या आधारे?

फ्रान्सच्या दक्षिण भागात या प्रश्नाचा निकाल लागायला सुमारे सत्तर वर्षे लागली. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होते, शेतकरी होते, न्यायालये होती, एकदा तर लष्करही उतरले. या सगळ्यातून जे तयार झाले ते आज ‘ग्रनाश, सिरा आणि मुर्व्हेद्र यांचे मिश्रण’ म्हणून जगभर ओळखले जाते. म्हणजे तीन, आणि कधीकधी तेरा, जातींच्या द्राक्षांपासून केलेली लाल वाइन.

शिक्षकांच्या मासिकात वाइन कशाला, असे कोणी विचारील. आम्ही येथे कोणाच्या हाती पेला देत नाही आहोत. पण पाश्चरचे किण्वनावरचे काम लील येथील बीटापासून अल्कोहोल काढणाऱ्या कारखान्याच्या अडचणीतून सुरू झाले, आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा आपण तेथूनच शिकवायला घेतो. विज्ञानाचा इतिहास सोवळ्यात राहिलेला नाही.

प्रथम जमीन पाहू. रोन नदी आव्हिन्योंच्या आसपास भूमध्य समुद्राकडे उतरते तो प्रदेश कोरडा. उन्हाळा कडक, पाऊस मुख्यतः शरद आणि वसंतात, आणि उत्तरेकडून मिस्ट्राल नावाचा वारा असा सुटतो की झाडे एका बाजूला कललेलीच वाढतात. टेकड्यांवर खुरटी झुडपे: थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर. या झुडुपी रानाला तेथे ‘गारीग’ म्हणतात. अशा ठिकाणी शेतकऱ्याने एकाच जातीची द्राक्षे लावणे म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत ठेवणे नव्हे काय? आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी ज्वारीत तुरीच्या ओळी टाकतो, तोच हिशेब त्याने केला. फुलोऱ्यात पाऊस आला तर ग्रनाशची फुले गळतात. त्या वर्षी दुसरी जात हात देते. मुर्व्हेद्र फार उशिरा पिकते. उन्हाळा तोकडा पडला तर ती कच्ची राहते, तेव्हा सँसो किंवा ग्रनाश असते. एकाच बागेत अनेक जाती मिसळून लावायच्या, एकदम तोडायच्या आणि एकाच हौदात आंबवायच्या, ही तेथली जुनी रीत. चवीचा विचार पुढचा. आधी हा पीकविम्याचा प्रकार होता.

या रीतीला धक्का बसला तो १८६० नंतर. रोनच्या पश्चिम काठावर रोकमोर नावाचे गाव आहे. तेथील एका वाइन व्यापाऱ्याने १८६२ साली न्यूयॉर्कच्या मित्राकडून आलेल्या अमेरिकन वेली हौसेने आपल्या बागेत लावल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या बागा वाळू लागल्या. पाने अवेळी लाल-पिवळी पडत, घड सुकत, आणि तिसऱ्या वर्षी वेल मरे. एखाद्या ठिकाणी सुरुवात होऊन तेलाच्या डागासारखी ही मर गोल पसरत जाई. मेलेली वेल उपटून पाहावी तर मुळे काळी, कुजलेली. पण रोग कशाचा ते दिसेना.

१५ जुलै १८६८ रोजी माँपेलिएच्या शेतकी संस्थेने नेमलेली तीन जणांची समिती सँ-रेमी येथे पोचली. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झ्यूल-एमील प्लांशाँ, बागाईतदार गास्ताँ बाझिल आणि रोपवाटिकेचे मालक फेलिक्स साउ. (गास्ताँ बाझिल यांचा मुलगा फ्रेदेरिक हा चित्रकार, मोने आणि रेन्वार यांचा मित्र.) मेलेल्या वेलींची मुळे त्यांनीही पाहिली; तेथे काहीच नव्हते. मग त्यांनी जे केले ते शाळेत आवर्जून सांगावे असे आहे. त्यांनी मेलेल्या वेलींच्या शेजारची, वरून निरोगी दिसणारी वेल उपटली. भिंगाखाली मुळांवर पिवळसर ठिपके दिसले, आणि ते ठिपके हलत होते. माव्याच्या नात्यातले, मिलिमीटरभराचे कीटक मुळाला सोंड खुपसून रस शोषत होते. मेलेल्या मुळावर किडा सापडत नव्हता याचे कारण सरळ होते. मुळातला रस संपला की किडा पुढच्या वेलीवर निघून जाई. प्रेत तपासणाऱ्यांना मारेकरी दिसत नव्हता, कारण तो शेजारच्या घरी जाऊन बसलेला असे.

प्लांशाँ यांनी या कीटकाला पुढे ‘फायलॉक्सेरा व्हास्टाट्रिक्स’ हे नाव दिले. दुसऱ्या शब्दाचा अर्थ उजाड करणारा. आजचे शास्त्रीय नाव वेगळे असले तरी फायलॉक्सेरा हा शब्द टिकून राहिला आहे.

आता प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. पॅरिसमधील अनेक मान्यवर कीटकतज्ज्ञांचे म्हणणे असे पडले की, किडा आहे हे खरे, पण तो रोगाचे कारण नसून परिणाम आहे. वेल आधी कशाने तरी दुबळी होते, म्हणजे अतिपीक, थंडी, जमिनीचा कस जाणे असे काहीतरी घडते, आणि मग दुबळ्या वेलीवर किडा बसतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. युरोपात द्राक्षवेली हजारो वर्षे होत्या, मग किडा आताच कसा आला? शिवाय आजारी झाडावर बांडगुळे आणि बुरशी येतात हे सर्वांनी पाहिलेले होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपणही विद्यार्थ्यांना सांगतो. पॅरिसवाल्यांचे तत्त्व बरोबर होते. चूक एवढीच की त्यांनी निरोगी वेलीची मुळे खणून पाहिली नाहीत. किडा आधी आणि दुबळेपणा नंतर, हा क्रम सँ-रेमीच्या त्या बागेत दिसत होता, पॅरिसच्या सभागृहात नव्हे.

बाकीचा दुवा अमेरिकेतून मिळाला. मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिले की, अमेरिकन वेलींच्या पानांवर गाठी करणारा जो किडा तेथे पूर्वीपासून माहीत होता, तोच फ्रान्समध्ये मुळांवर बसतो. डार्विनच्या पुस्तकाला तेव्हा अकरा-बारा वर्षे झाली होती. अमेरिकेतील रानवेली आणि हा किडा युगानुयुगे बरोबर वाढले. तेथील वेली किड्याने टोचलेल्या जागी बुचासारखा थर तयार करतात आणि जखम बंद होते. युरोपातील वेलीवर ही वेळ कधी आलीच नव्हती. तिच्या मुळाला गाठी येतात, गाठी फुटतात, आणि त्यातून शिरलेली बुरशी मूळ कुजवते. मग किडा इतकी शतके का पोचला नाही? बहुधा शिडाच्या जहाजावरच्या लांब प्रवासात तो वाटेतच मरत असावा. वाफेच्या जहाजांनी ते दिवस कमी केले.

रोगाचे मूळ अमेरिकेत, तेव्हा उपायही तेथेच असेल, असा विचार बोर्दोचे लिओ लालिमाँ यांनी १८६९ मध्ये मांडला. अमेरिकन वेली किड्याला दाद देत नाहीत हे त्यांनी आपल्या बागेत पाहिले होते. पण अमेरिकन द्राक्षाची वाइन फ्रेंचांच्या नाकाला सहन होईना. त्यावर तोड म्हणजे कलम. खाली अमेरिकन मूळ, वर फ्रेंच वेल. कलम म्हणजे काय हे आंब्याच्या निमित्ताने आपल्याकडच्या मुलांना माहीत असते; तेव्हा हे त्यांना सांगताना फार सायास पडत नाहीत.

फ्रान्समध्ये मात्र पडले. ज्याच्या हाती पैसा होता तो जमीनदार कार्बन डायसल्फाइड हे ज्वालाग्राही, विषारी द्रव पिचकारीने मुळांशी सोडत राहिला. ज्याच्या शेजारी नदी-कालवा होता त्याने हिवाळ्यात बाग कित्येक आठवडे पाण्याखाली बुडवून किडा मारला. ही युक्ती ग्रावेझॉं येथील लुई फोकाँ यांची. सरकारने उपाय शोधणाऱ्यास तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. ते कोणालाच मिळाले नाही. लालिमाँ यांनी हक्क सांगितला, पण किडा मारण्याचा उपाय कलमाने झाला नव्हता, किड्यासोबत जगण्याची सोय झाली होती. आजही तेच आहे. १८७५ मध्ये फ्रान्सने सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन काढली होती. १८८९ मध्ये ती २ कोटी ३० लाखांच्या आसपास आली.

पुढे आणखी एक अडचण निघाली. पहिली अमेरिकन मुळे चुनखडीच्या जमिनीत टिकेनात. पाने पिवळी पडून वेली मरू लागल्या. माँपेलिएचे प्येर व्हियाला यांना १८८७ साली चुन्यात वाढणाऱ्या रानवेली शोधायला अमेरिकेत पाठवले गेले. टेक्सासमध्ये त्यांना टी. व्ही. मन्सन हे रोपतज्ज्ञ भेटले, आणि तेथील चुनखडीच्या टेकड्यांवरच्या वेलींवरून पुढचे खुंट तयार झाले. नाशिक-सांगलीच्या वाचकांना हे नाव अनोळखी असले तरी त्यांच्या बागेत मन्सन आहेतच. आपल्याकडे खारवट पाणी आणि दुष्काळ यांसाठी १९९० नंतर सर्रास लावला गेलेला ‘डॉगरिज’ खुंट ही टेक्सासमधील रानवेलींतून त्यांनीच केलेली निवड. बोर्डो मिश्रणही त्याच काळातले. अमेरिकन वेलींबरोबर केवडा रोग फ्रान्सला पोचला, आणि त्यावर प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद व चुन्याचा उपाय प्रसिद्ध केला.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. बागा नव्याने लावायच्या म्हटल्यावर कोणत्या जाती लावायच्या, हा निर्णय प्रथमच जाणूनबुजून घ्यावा लागला. येथे दक्षिण फ्रान्सचे दोन तुकडे पडले.

लांगदॉकच्या सपाट मैदानात शेतकऱ्याने ‘आरामाँ’ लावली. ही जात एकरी अफाट रस देते, पण वाइन पातळ, फिकी, कमी अल्कोहोलची. तिला रंग यावा म्हणून बुशे पितापुत्रांनी संकराने तयार केलेल्या, गरसुद्धा लाल असलेल्या जाती तिच्यात मिसळल्या. त्याने भागेना, तेव्हा अल्जीरियाची गडद आणि कडक वाइन जहाजाने आणून ओतली. हेही मिश्रणच. शिवाय टंचाईच्या वर्षांत व्यापाऱ्यांना आणखी सवयी लागल्या होत्या. चोथ्यावर साखर आणि पाणी ओतून दुसऱ्यांदा आंबवणे, बाहेरून मनुका आणून त्यांची ‘वाइन’ करणे. १८८९ मध्ये संसदेला कायदा करून सांगावे लागले की वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या किण्वनातून तयार झालेला पदार्थ. व्याख्या झाली, धंदा थांबला नाही. बागा पुन्हा भरात आल्या तेव्हा बाजारात खरीखोटी वाइन मिळून इतकी झाली की भाव कोसळले.

१९०७ च्या मार्चमध्ये आर्झलिए गावच्या सत्त्याऐंशी जणांनी सरकारी चौकशी समितीकडे मोर्चा नेला. पुढारी होता मार्सेलँ आल्बेर, त्याच गावचा एक कॅफेवाला. दर रविवारी गर्दी वाढत गेली आणि ९ जूनला माँपेलिएमध्ये पाच लाखांच्या वर माणूस जमला असे सांगतात. पंतप्रधान क्लेमाँसो यांनी सैन्य धाडले. नारबोनला गोळीबार होऊन माणसे मेली. सतराव्या पायदळ पलटणीतले शिपाई त्याच भागातले, द्राक्षबागायतदारांचीच मुले. आपल्या माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत म्हणून त्यांनी बंड केले, आणि त्यांची रवानगी ट्युनिशियात झाली. जूनअखेर साखरेवर निर्बंध घालणारा आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपले उत्पादन जाहीर करायला लावणारा कायदा आला. भेसळ पकडणारे सरकारी खातेही त्याच वर्षी उभे राहिले. ग्राहकाच्या फसवणुकीविरुद्ध उत्पादक रस्त्यावर उतरल्याची अशी उदाहरणे इतिहासात थोडी असतील.

दुसरा तुकडा रोनच्या पूर्व काठावरचा. शातोनफ-द्यू-पाप म्हणजे ‘पोपचा नवा किल्ला’. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योंला राहत, तेव्हा बाविसाव्या जॉनने येथे किल्ला बांधला. पण गावाला हे नाव १८९३ साली मिळाले. त्याआधी ते चुन्याच्या भट्ट्यांवरून शातोनफ-काल्सर्निए म्हणून ओळखले जाई. म्हणजे बाटलीवरचे पुरातन नाव कलमी वेलींइतकेच नवे. येथील एक मोठे बागाईतदार, कमांडंट द्युको, यांनी किड्याने गेलेली बाग पुन्हा लावताना दहा जाती निवडल्या आणि त्यांचे चार गट पाडून प्रत्येकाला एक काम नेमून दिले. ग्रनाश व सँसो ऊब आणि गोडव्यासाठी. मुर्व्हेद्र, सिरा वगैरे रंग आणि टिकाऊपणासाठी. तिसरा गट ताजेपणा आणि सुगंधासाठी. आणि क्लेरेत, बुरबुलँक या चक्क पांढऱ्या जाती तजेल्यासाठी. आमच्या मते या मिश्रणाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. जुन्या शेतकऱ्याचा विमा येथे रसायनशास्त्राचा आराखडा झाला, जरी द्युको यांनी तो जिभेने मांडला असला तरी.

आजच्या भाषेत तो आराखडा असा सांगता येईल. ग्रनाश मूळची स्पेनची. उन्हात तिच्यात भरपूर साखर साठते, म्हणून अल्कोहोल जास्त. पण रंगद्रव्ये कमी, आणि हवेतील ऑक्सिजनने तिची वाइन लवकर तपकिरी पडते. मुर्व्हेद्रही स्पॅनिश. तिच्यात टॅनिन भरपूर आणि ती ऑक्सिडीकरणाला अडवून धरते. सिरा रोन खोऱ्यातलीच. तिच्यात अँथोसायनिन हे जांभळे रंगद्रव्य विपुल. एकीची उणीव दुसरी भरते. सिरा इराणच्या शिराझ शहरातून आली अशी लाडकी दंतकथा होती. १९९० च्या दशकाअखेर कॅलिफोर्निया आणि माँपेलिएच्या संशोधकांनी डीएनए तपासून तिचे आईबाप फ्रान्समधल्याच दोन अप्रसिद्ध जाती, मोंदूज ब्लाँश आणि द्युरेझा, असल्याचे दाखवले आणि दंतकथा संपली. व्यापाऱ्यांनी अजून तिला निरोप दिलेला नाही.

मात्र शातोनफची वाइनही बाहेर जाऊन पाण्यासारख्या वाइनमध्ये मिसळली जाई, आणि बाहेरची वाइन शातोनफच्या नावाने विकली जाई. १९२३ मध्ये तेथील बागाईतदार बॅरन प्येर ल रुआ यांच्याकडे गेले. हे शिक्षणाने वकील, पहिल्या महायुद्धात वैमानिक, आणि लग्नामुळे गावचे झालेले. त्यांनी अट घातली की आधी तुम्ही स्वतः प्रामाणिकपणाने वागून दाखवा. मग नियम केले. ज्या कोरड्या जमिनीवर थाइम आणि लॅव्हेंडर दोन्ही वाढतात तेवढीच जमीन धरायची. ठरलेल्या जातीच लावायच्या, छाटणी ठरलेल्या पद्धतीची करायची. अल्कोहोल किमान साडेबारा टक्के, आणि तेही बाहेरून साखर न घालता. तोडणीच्या वेळी किमान पाच टक्के द्राक्षे निवडून टाकून द्यायची. जमिनीची हद्द आखायला झुडपांचा दाखला घेणे हे परिस्थितिविज्ञानाच्या शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण. वनस्पती येथे मातीच्या चाचणीचे काम करतात. खटला १९३३ पर्यंत वरच्या न्यायालयात चालला आणि ल रुआ जिंकले. १९३५ मध्ये देशभरासाठी मूळस्थानाची नावे राखणारी समिती स्थापन झाली. १५ मे १९३६ ला जी पहिली नावे मंजूर झाली त्यात शातोनफ होते, तेरा जातींसह.

त्या नियमात एक गोष्ट नाही, आणि ती नसणेच महत्त्वाचे. तेरा जाती कोणत्या ते सांगितले आहे; कोणती किती घालायची ते सांगितलेले नाही. शंभर टक्के ग्रनाश चालते, तेराही चालतात. मिश्रण आणि भेसळ यांच्यातली रेघ प्रमाणावर काढलेली नाही. ती काढली आहे उगमावर: कोणत्या जमिनीतून, कोणत्या वेलीवरून आणि कोणाच्या घोषणेनुसार. लांगदॉकच्या आरामाँमध्ये अल्जीरियाची वाइन ओतली तर पेल्यातले मिश्रण कदाचित चवदारही होत असेल, पण त्याचा पत्ता सांगता येत नाही. (याच गावाच्या महापौरांनी १९५४ मध्ये उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. हद्दीबद्दल ही मंडळी गंभीर आहेत.)

मैदानी लांगदॉकला तेथवर यायला आणखी पन्नास वर्षे लागली. तेथे सिरा आणि मुर्व्हेद्र मोठ्या प्रमाणावर लावायला सुरुवात झाली ती १९६० नंतर, आणि मिनेर्व्हुआ, कोर्बियेर ही नावे राखीव झाली १९८५ मध्ये. आज ‘परंपरा’ म्हणून विकले जाणारे तीन जातींचे मिश्रण बऱ्याच ठिकाणी एवढ्याच वयाचे आहे.

आता ताटाकडे. या वाइनबरोबर काय खावे याच्या याद्या विक्रेते छापतात. त्यातील निम्मा भाग जाहिरातीचा, पण उरलेल्या निम्म्यात विज्ञान आहे. टेकड्यांवर चरलेल्या मेंढीचे मांस. ‘दोब’, म्हणजे गोमांस वाइनमध्येच तासन् तास मंद शिजवून केलेला रस्सा. आणि कास्तेलनोदारीचा ‘कासुले’, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या बिया, डुकराचे किंवा बदकाचे मांस आणि चरबी यांचे भांडे. घेवडा आणि टोमॅटो दोन्ही कोलंबसानंतर अमेरिकेतून आलेले. वेलीचे मूळही अमेरिकन. दक्षिण फ्रान्सचे हे अस्सल गावरान जेवण अटलांटिक ओलांडून आलेल्या सामानावर उभे आहे.

चरबी आणि मांस का? टॅनिन म्हणजे तुरटपणा, आणि तुरट ही खरे तर चव नसून स्पर्श आहे. हिरडा, कच्ची सुपारी, कोवळे जांभूळ खाल्ले की तोंड आखडते, कारण लाळेतील प्रथिनांना टॅनिन चिकटते, ती गोळा होतात आणि जिभेवरचे वंगण जाते. वर्गात हे वाइनशिवाय दाखवता येते. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात ढवळून कापडातून गाळून घ्यावा. त्यात गार, कडक, बिनदुधाचा चहा थेंब थेंब घालावा. द्रव गढूळ होतो आणि साका बसतो. याच गुणामुळे वाइन करणारे जास्तीचे टॅनिन काढायला पिंपात अंड्याचा पांढरा भाग वापरत आले आहेत. चहात दूध घातल्यावर तुरटपणा जातो तोही असाच; दुधातील केसीन लाळेऐवजी टॅनिनला सापडते. मटणाच्या घासातली प्रथिने आणि चरबी तेच करतात. उलट घोट जिभेवरची चरबी धुऊन काढतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. एकामागून एक घोट नुसतेच घेतले तर तुरटपणा साठत जातो. मध्ये घास आला तर साठत नाही.

‘माशाबरोबर लाल वाइन नको’ या जुन्या नियमाचा खुलासा २००९ मध्ये जपानी संशोधकांनी केला. काही वाइनमध्ये लोहाचे आयन जास्त असतात. माशातील असंतृप्त मेदाम्लांशी त्यांची गाठ पडली की मासळीचा उग्र वास तयार होतो. दोष लाल रंगाचा नव्हे, लोहाचा. आणि मिरची? अल्कोहोल आणि मिरचीतील कॅप्सायसिन हे दोघेही तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या एकाच ग्राहीवर काम करतात. चौदा टक्क्यांची वाइन आणि झणझणीत रस्सा एकत्र आले तर आग विझत नाही, वाढते. तेव्हा कोल्हापुरी ताटाशेजारी शातोनफची बाटली ठेवणाऱ्या जाहिरातींवर आमचा विश्वास नाही.

राहिला सिराचा मिरीसारखा वास. मांसाला मिरी आणि थाइम लावून भाजावे आणि सिरा घ्यावी, असे तेथील स्वयंपाकी फार पूर्वीपासून सांगत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील वाइन संशोधन संस्थेने त्या वासाचे मूळ शोधले. ते निघाले रोटंडोन नावाचे संयुग. तेच काळ्या मिरीत आहे, थाइममध्ये आहे, रोझमेरीत आहे. तुलनेने थंड जागी वाढलेल्या सिरामध्ये ते जास्त भरते. स्वयंपाक्यांनी रेणू न पाहता त्यांची जोडी जुळवली होती. पण रोटंडोन हे नाव काही वाइनवरून पडलेले नाही. ते सायपेरस रोटंडसवरून, म्हणजे आपल्या नागरमोथ्यावरून. १९६७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरमोथ्याच्या तेलातून ते वेगळे करून त्याची रचना सांगितली होती. उटण्यात पडणाऱ्या मुळीतले हे संयुग चाळीस वर्षांनी फ्रान्सच्या लाडक्या द्राक्षात सापडले.

लाल वाइनमध्ये त्याचा वास ओळखू यायला एका लिटरमध्ये १६ नॅनोग्रॅम पुरतात. म्हणजे एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटरना पुरेल. तरीही ऑस्ट्रेलियातील चाचणीत सुमारे पाचातल्या एका माणसाला, साध्या पाण्यात याच्या शेकडो पट मात्रा घातली तरी, कसलाच वास आला नाही.